फुंकल्याशिवाय गाडी चालू नाही

मागच्या अंकात पिऊन गाडी चालवण्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. सगळी घेता येणार नाहीत, बऱ्याच जणांनी जे विचारलंय तेवढं घेतोय.

प्रश्न : माझे मिस्टर सुट्टीच्या आदल्या रात्री मित्रांसोबत बसतात आणि येताना गाडी स्वतःच चालवत येतात. कितीही सांगा, ‘मला काही होत नाही’ हेच उत्तर. गाडीत एक मशीन बसवतात आणि त्यात फुंकल्याशिवाय गाडी स्टार्ट होत नाही असं ऐकलं. खरंच काम करतं का? दुसऱ्या कोणी फुंकलं तर? आणि चालत्या गाडीत मध्येच इंजिन बंद पडलं तर काय करायचं?

ताई, काम करतं. इंटरलॉक म्हणतात त्याला, स्टार्टरच्या वायरिंगला जोडलेलं असतं. आत फ्युएल सेल असतो, श्वासातलं अल्कोहोल त्यातल्या प्लॅटिनमवर आलं की रासायनिक क्रिया होऊन बारीकसा करंट तयार होतो, जेवढी दारू जास्त तेवढा करंट जास्त. ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की स्टार्टर लागतच नाही, मग बसा चावी फिरवत.

इंजिन मध्येच बंद पडतं हा मात्र गैरसमज, भरधाव गाडीचं इंजिन बंद करणं म्हणजे आपणच अपघात घडवून आणणं, म्हणून मुद्दाम तशी सोयच ठेवलेली नाही. चालवताना मधूनमधून ते परत फुंकायला सांगतं, गाडी बाजूला घेऊन फुंकता येईल एवढा वेळही देतं, आणि नापास झालात किंवा फुंकलंच नाही तर नोंद होते, बऱ्याच मशीनमध्ये तर हॉर्न वाजायला लागतो आणि लाईट उघडझाप करतात, म्हणजे अख्ख्या रस्त्याला कळतं. दुसऱ्याकडून फुंकवून निघालेला माणूस इथेच सापडतो, कारण तो दुसरा काही शेजारी बसून सोबत येत नाही. काही मशीनला कॅमेरा असतो, काहींमध्ये फुंकताना घशातून ‘हुंऽऽ’ असा आवाजही काढावा लागतो, पंप किंवा फुगा लावून ते जमत नाही.

आता तुमच्या घरातलं. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये कायदा करून हे पहिल्यांदा वापरून बघितलं आणि आज अमेरिकेत बऱ्याच राज्यांत पकडल्या गेलेल्या माणसाला कोर्टच हे बसवायला लावतं. मशीन गाडीत असेपर्यंत पुन्हा पिऊन चालवताना पकडलं जाण्याचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी कमी होतं असं तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचं, सीडीसीचं म्हणणं आहे. पण मशीन काढलं की बरेचसे पुन्हा मूळ पदावर येतात! त्यामुळे त्यांना न सांगता, चोरून वगैरे बसवू नका, ते सरळ मित्राची गाडी काढतील. सकाळी, शुद्धीवर असताना विषय काढा, रात्री दारात भांडून काही होत नसतं. आणि ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्याला फुंकायला काय हरकत आहे, एवढं जरूर विचारा.

प्रश्न : मी खिशातलं छोटं ब्रेथ टेस्टर घेतलंय. पार्टीतून निघताना फुंकतो, लिमिटच्या आत असेल तरच चावी लावतो. हे बरोबर ना?

नाही हो दादा, आणि याच प्रकाराची मला जास्त भीती वाटते. पोटातली दारू रक्तात उतरायला वेळ लागतो, शेवटच्या पेगनंतर अर्धा ते दीड तास आकडा चढतच राहू शकतो, भरपेट जेवला असाल तर आणखी उशिरा. म्हणजे दारात उभं राहून फुंकलं तेव्हा रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा ०.०४ टक्के आला, तुम्ही खूश होऊन निघालात, आणि अर्ध्या वाटेत ०.०६ झालं तर ते तुम्हाला सांगणार कोण? युरोपातल्या बऱ्याच देशांत लिमिट ०.०५ टक्के आहे, स्वीडनमध्ये तर ०.०२च. शिवाय लिमिटच्या आत म्हणजे शुद्धीत असंही नाही, ब्रेक मारायला लागणारा वेळ त्याच्या खूप आधीच वाढायला लागतो. आणि स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो, तो अल्कोहोल सोडून इतर वाफांनाही भुलतो आणि कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा तपासून परत जुळवणं, केलं नाही तर हळूहळू वाट्टेल ते दाखवायला लागतो. हे खेळणं ‘आज चालवायचं नाही’ हे कळण्यासाठी वापरा, परवानगी घ्यायला नको.

प्रश्न : रात्री एकला झोपलो, सकाळी सातला ऑफिसच्या गाडीत फुंकलं तर नापास! झोप झाली, आंघोळ झाली, कडक कॉफी झाली, मशीन बिघडलंय का?

मशीन बहुतेक ठीक आहे. लिव्हर दारू काढतं ते आपल्याच चालीने, सरासरी तासाला ०.०१५ टक्के. रात्री एकला ०.१५ असेल तर सकाळी सातला ०.०६ शिल्लक, शून्यावर यायला अकरा वाजणार. कॉफीने फार तर झोप उडते, आकडा हलत नाही, आंघोळीनेही नाही. ‘रात्रीच उतरली होती’ असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

प्रश्न : माउथवॉश, सॅनिटायझर, डायबेटिस यामुळे न पिता पकडले जाऊ का?

माउथवॉशने आकडा येऊ शकतो, पण ते तोंडातलं अल्कोहोल असतं, पंधरा मिनिटं थांबा, पाण्याने चूळ भरा आणि परत फुंका. सॅनिटायझर लावून लगेच मशीन हातात घेऊ नका. डायबेटिसमध्ये श्वासात येणाऱ्या ॲसिटोनला फ्युएल सेल सहसा दाद देत नाही, सेमीकंडक्टरवाला गडबड करू शकतो. दमा असेल आणि पुरेसं फुंकता येत नसेल तर बसवणाऱ्याला आधीच सांगा.

प्रश्न : एवढं चांगलं आहे तर कंपनीतूनच सगळ्या गाड्यांत का येत नाही?

कारण जो पीतच नाही त्याने रोज सकाळी नळीत का फुंकावं, हा वाद काही सुटत नाही, आणि त्या माणसाचंही चुकत नाही. म्हणून युरोपियन युनियनने मधला रस्ता काढला, जुलै २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये इंटरलॉक सहज जोडता येईल अशी तयारी असलीच पाहिजे, मशीन मात्र सक्तीचं नाही. अमेरिकेत नळीच नको म्हणून प्रयोग चालू आहेत, ड्रायव्हर नुसता श्वास घेतोय तो सेन्सरने ओळखायचा किंवा बटणाला बोट लागलं की कातडीतून प्रकाश टाकून मोजायचं. न पिणाऱ्याला कळणारही नाही असं ते झालं तर हा वादच मिटेल. तोवर माझं मत विचाराल तर दुसऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करावी. फिनलंडने २०११ मध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेच्या गाड्यांना सक्ती केली, फ्रान्समध्ये २०१५ पासून सगळ्या कोचना, म्हणजे लांबच्या प्रवासी बसना, आहे. तिथे ड्रायव्हरला ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणायची सोयच नाही, सगळ्यांनाच फुंकावं लागतं.