टॉवरला लोक नावं ठेवतात तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. वाईट अशासाठी की ज्या अर्ध्या उभ्या टॉवरवर तू आर्किटेक्ट म्हणून इतकी खपलीस, त्याला आजूबाजूचे लोक ‘खुराडं’ म्हणतात. बरं अशासाठी की ते तुझ्या मनाला लागलं. तुमच्या ऑफिसातले थोरले म्हणतात, लोकांना आर्किटेक्चरमधलं काय कळतं, दुर्लक्ष कर. बिल्डर म्हणतो, समोरून काच लावू, वर रंगीत दिवे सोडू, लोकांची तोंडं आपोआप बंद होतील. यातलं कुणाचं ऐकू, असं तू विचारतेस. माझं मत स्पष्ट आहे: दोघांचंही ऐकू नकोस. नावं ठेवणाऱ्यांकडेच जा आणि त्यांना पुढचा प्रश्न विचार.

पहिला प्रश्न, ते कुठून बघतात? रस्त्यावरून जाणारा माणूस तुझा पस्तिसावा मजला बघतच नाही. त्याला दिसतो तो खालचा पोडियम. पाच-सहा मजले गाड्यांचे, त्याला जाळी नाहीतर कोरी भिंत, फुटपाथला लागून कंपाउंड आणि गेटवर वॉचमन. जिथे पूर्वी चार दुकानं, एखादा ओटा, सावलीचं झाड होतं, तिथे आता सरळ चालत निघून जाण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. हा माणूस जेव्हा इमारत वाईट दिसते म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो त्या पहिल्या वीस मीटरबद्दल बोलत असतो. वर मुकुट चढवून त्याचं समाधान कसं होणार?

समोरच्या जुन्या चाळीतल्या बाईंची तक्रार वेगळी असेल. त्यांच्या गॅलरीतलं दुपारचं ऊन गेलं असेल. उद्या आत राहायला येणाऱ्यांची आणखी वेगळी असेल: कपडे वाळत घालायला जागा नाही, एसीचं बाहेरचं युनिट लावायला नीट कोपरा नाही, मग प्रत्येक जण आपापल्या मनाने ग्रिलचा पिंजरा काढतो आणि चार वर्षांत तुझं एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप, ओळखू येत नाही. या सगळ्यांच्या तोंडी वाक्य एकच असतं, इमारत भिकार आहे. ते एकच वाक्य ऐकून तू मागे फिरलीस, तर तुझ्या हाती काहीच लागणार नाही.

तुला लंडनच्या दोन इमारतींबद्दल सविस्तर सांगतो, कारण या विषयात त्यांच्याइतकं शिकवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एर्नो गोल्डफिंगर हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला आर्किटेक्ट. त्याचा बाल्फ्रन टॉवर पूर्व लंडनमध्ये 1967 साली उभा राहिला, 26 मजल्यांचा, सरकारी भाड्याच्या घरांचा. उघडं काँक्रीट, आणि लिफ्ट-जिन्यांचा एक बारीक मनोरा बाजूला, पुलांनी जोडलेला. 1968 च्या सुरुवातीला गोल्डफिंगर आपल्या बायकोबरोबर, अर्सुलाबरोबर, तिथल्याच सर्वांत वरच्या मजल्यावर सुमारे दोन महिने राहायला गेला. मजल्यामजल्यावरच्या रहिवाशांना घरी बोलावून त्यांना काय आवडतं, काय त्रास होतो, हे विचारलं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत त्याची चर्चाही झाली. कुणी म्हणेल, प्रसिद्धीसाठी केलं. मला तसं वाटत नाही, कारण तिथे शिकलेलं त्याने पुढच्या इमारतीत वापरलं.

ती पुढची इमारत म्हणजे पश्चिम लंडनमधला ट्रेलिक टॉवर, 31 मजले, 1972 साली पूर्ण झालेला. त्याचे फ्लॅट बघ. बहुतेकांना दोन्ही बाजूंनी उजेड, मोठी बाल्कनी, खिडक्या अशा की फिरवून आतूनच पुसता येतात. लिफ्टचा मनोरा इथेही वेगळा, पूल दर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे कॉरिडॉर कमी आणि घरं ऐसपैस. लिफ्टचा आवाज घरात येत नाही. एवढं सगळं असूनही सत्तरच्या दशकात त्या टॉवरची अब्रू पार धुळीला मिळाली. गुन्हे, मोडतोड, अंधारे जिने. वर्तमानपत्रं त्याला दहशतीचा मनोरा म्हणू लागली. काँक्रीटच्या त्या रूपाकडे बोट दाखवून लोक म्हणायचे, असल्या इमारतीत दुसरं होणार तरी काय.

मग काय बदललं? काँक्रीट तर तेच राहिलं. 1984 मध्ये रहिवाशांची नवी संघटना झाली. तिच्या रेट्यामुळे प्रवेशद्वारावर इंटरकॉम आला, तळमजल्यावर पहारेकरी बसू लागला, देखभाल सुधारली. काही भाडेकरूंनी आपापली घरं विकत घेतली. हळूहळू तिथे राहायला मिळावं म्हणून लोक धडपडू लागले, आणि 1998 मध्ये इमारतीला वारसा म्हणून वरच्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. पंचवीस-तीस वर्षांत जनमत असं फिरलं.

यावरून ‘लोकांचं मत आज ना उद्या बदलतंच’ असा सोयीचा अर्थ काढू नकोस. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तोच काढला आणि स्वतःच्या वाईट कामाला ढाल केली. ट्रेलिकचं मत बदललं, कारण घरं आतून चांगली होती आणि कुणीतरी दाराची, लिफ्टची, दिव्यांची जबाबदारी घेतली. आतून वाईट असलेल्या इमारतीला काळ वाचवत नाही. बाल्फ्रनची पुढची हकिगत तर मला अजून टोचते. त्यालाही वारसा म्हणून संरक्षण मिळालं, दुरुस्तीसाठी जुन्या भाडेकरूंना बाहेर काढलं गेलं आणि नूतनीकरणानंतर ती घरं खाजगी बाजारात गेली. इमारत लोकांच्या कौतुकाची झाली, पण ज्यांनी तिच्या वाईट काळात तिथे संसार केले ते तिथे उरले नाहीत.

आता तुमच्या बिल्डरच्या काचेबद्दल. ट्रेलिक ज्या परगण्यात आहे, त्याच परगण्यात ग्रेनफेल टॉवर होता, 24 मजले, तोही सत्तरच्या दशकातला. 2016 साली त्याच्यावर बाहेरून नवं आवरण चढवलं गेलं. घरं उबदार राहावीत हा एक हेतू, आणि आजूबाजूने बघताना इमारत बरी दिसावी हाही परवानगीसाठीच्या कागदपत्रांत लिहिलेला हेतू. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या पत्र्यांच्या मध्ये ज्वलनशील पॉलिथिलीनचा थर होता. 14 जून 2017 च्या रात्री एका स्वयंपाकघरातली आग त्या आवरणावरून इमारतभर पसरली आणि 72 माणसं गेली. आतले रहिवासी त्याआधीपासून सुरक्षेबद्दल तक्रारी करत होते. त्यांच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. बाहेरून कसं दिसतं याला पैसे मिळाले, आतून काय सांगितलं जातंय ते राहून गेलं. एलिव्हेशनवर काहीही चढवायची गोष्ट निघाली की प्रत्येक वेळी त्या पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट माग, आणि तो कशाचा आहे हे कळेपर्यंत सही करू नकोस. इथे मी अजिबात नरम होणार नाही.

मुंबईकडे येतो. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींचं रूप आर्किटेक्टच्या पेन्सिलीतून येत नाही, बांधकामाच्या नियमावलीतून येतं. फ्लॉवर बेड, ड्राय बाल्कनी (धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी), एलिव्हेशन फीचर (बाहेरून शोभेपुरते भाग) हे सगळं एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्या मापाच्या, हिशेबाबाहेर होतं तोवर बिल्डरांनी इमारतीभोवती त्यांची रांग लावली, आणि ताबा मिळाल्यावर ती जागा भिंत पाडून खोलीत घेतली गेली. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलून या गोष्टी हिशेबात आल्या, त्याऐवजी 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय निवासी इमारतींना मिळाला. त्या तारखेआधीच्या आणि नंतरच्या इमारती शेजारी उभ्या असल्या की नुसत्या बघून कळतात. म्हणून लोक रागावले की तो राग निम्मा तरी नियमावलीचा असतो. हे लोकांना सांग. पालिकेच्या हरकती-सूचनांच्या सुनावणीत फारच थोडे आर्किटेक्ट जातात, तू जा.

आणि ज्या इमारतींबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, त्या बघून ये. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड. पुनर्वसनाच्या वसाहती, बहुमजली इमारती, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो अशा खोल्या. तिथे क्षयरोगाचा अभ्यास झाला, तेव्हा उजेड आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर धोका जास्त असल्याचं दिसलं. या इमारती पाहून पेडर रोडवर कुणाचा डोळा दुखत नाही, त्यामुळे त्यांच्यावर वादही होत नाहीत. जनमताचा आवाज मोठा असतो तिथे दोष मोठा असेलच असं नाही. ज्यांना बोलायला व्यासपीठ नाही त्यांच्याही घरी तुला जावं लागेल.

त्याच पेडर रोडच्या परिसरातला ‘कांचनजंगा’ हा टॉवर तू विद्यार्थी म्हणून बघितलायस, आता पुन्हा बघ. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, 1983 साली पूर्ण, 32 फ्लॅट. श्रीमंतांची घरं आहेत, हे विसरू नकोस. तेवढा पैसा तुझ्या प्रकल्पात नसेल. पण प्रश्न सगळ्यांचाच होता: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बंदर, वारा आणि दृश्य त्याच दिशांनी, आणि भाजणारं ऊन आणि तिरपा पाऊसही त्याच दिशांनी. उत्तर जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यातून आलं. कोपऱ्यात दोन मजली उंचीची गच्ची कोरली, खोल्या तिच्या मागे सरकल्या. बाहेरून दिसणारी ती रंगीत पोकळी आतल्या गरजेतून आली आहे, म्हणून ती चाळीस वर्षांनंतरही उसनी वाटत नाही.

आता काम. टॉवर अर्धा उभा आहे, म्हणजे खालचे मजले अजून तुझ्या हातात आहेत. पोडियमच्या रस्त्याकडच्या बाजूला निदान एक पट्टी दुकानांची किंवा क्लिनिकची घे आणि गाड्या तिच्यामागे ढकल. बिल्डरला भाड्याचा हिशेब मांडून दाखव, तो ऐकेल. कंपाउंडची भिंत शक्य तेवढी आत घे. कपडे वाळवायला ड्राय बाल्कनीत सोय कर आणि एसीच्या युनिटला आडोसा ठरवून दे, म्हणजे पिंजरे कमी होतील. प्रत्येक छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच आहे ना, ते साइटवर स्वतः हात लावून बघ. ती नसली की दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ येतात आणि चांगल्यातली चांगली इमारत रोगट दिसते. रंग उन्हात कसा उतरतो हे नमुना लावून बघितल्याशिवाय गडद छटा घेऊ नकोस.

आणि ज्यांनी नावं ठेवली, त्यांतल्या दहा-बारा जणांना साइट ऑफिसात चहाला बोलाव. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं देखणं चित्र, दाखवू नकोस, लोक त्यातल्या आकाशाला भुलतात. साधं मॉडेल ठेव, शेजारची चाळ आणि बसस्टॉप त्यात असू देत. कुठे बोट ठेवतात ते लिहून घे. स्वतःचा बचाव करायला तोंड उघडू नकोस. ते तुझ्या वयात फार कठीण जातं हे मला ठाऊक आहे.

ते झालं की पोडियमचा रस्त्याकडचा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, मला पाठव, फुटपाथसकट, एकास पन्नास प्रमाणाचा. त्यावर सविस्तर लिहीन.

तुझे सर