क्रेडिट नक्की कुणाला द्यायचं?

हिचकॉकच्या ‘नोटोरियस’ (१९४६) या थ्रिलरवरचा तुझा रिव्ह्यू वाचला. ‘अभिनय अप्रतिम, दिग्दर्शन कसदार, पटकथा घट्ट’ असं एका दमात लिहून मोकळं झालंस, पण हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही थ्रिलरला चाललं असतं ना?

सिनेमा परत लाव आणि फक्त पार्टीचा सीन बघ. कॅमेरा उंचावरून अख्खा हॉल दाखवत खाली खाली येतो तो थेट नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या तळघराच्या किल्लीवर. तिथे सगळेच वा वा करतात, करायलाच पाहिजे, पण ती किल्ली तिने नवऱ्याच्या (क्लॉड रेन्सच्या) जुडग्यातून काढलीय हे आपल्याला आधी माहीत नसतं तर तो शॉट नुसती कसरत वाटली असती. आणि खरी धडधड होते ती शॅम्पेनमुळे, म्हणजे बाटल्या संपत आल्या की नवरा तळघरात जाणार, आणि किल्ली तर हिच्याकडे! ही भीती पटकथेतली आहे, बेन हेक्टची (हिचकॉकही लिहिताना सोबत होताच, त्यामुळे अगदी काटेकोर वाटणी नाही करता येत). बर्गमन काय करते? हसत पाहुण्यांशी बोलत राहते, बस, आणि तेच अवघड आहे.

कॅरी ग्रांट, म्हणजे एजंट झालेला नायक, थंड वाटला असं म्हणतोय ना तुझा रिव्ह्यू? अगदी बरोबर दिसलंय, निष्कर्ष चुकला. जिच्यावर जीव जडलाय त्या बर्गमनलाच हेरगिरीसाठी दुसऱ्याच्या घरात पाठवायचंय, ती ‘नको जाऊस’ एवढंच ऐकायला थांबलीय आणि हा ते बोलतच नाही. लव्हस्टोरी पण त्यावरच चालते आणि थ्रिलर पण. म्हणून बोलणाऱ्याकडे कमी, ऐकणाऱ्याकडे जास्त बघत जा.

क्लॉड रेन्सला मात्र ‘व्हिलन’ म्हणून एका ओळीत उरकलंस हे अजिबात पटलं नाही. नाझी टोळीतला माणूस, बायकोला कॉफीतून विष देणारा, तरी शेवटी जिन्यावर, ग्रांट तिला सोडवून नेताना, याची कीव येते, कारण तिच्यावर उघडपणे प्रेम त्यानेच केलेलं असतं. हे पटकथेने दिलं, पण पेललं रेन्सने.

तळघरातल्या बाटलीत लपवलेल्या युरेनियमचं प्रकरण फार मनावर घेऊ नकोस, ते निमित्त. कथा घडते त्या ब्राझीलमधल्या रिओच्या काही सीन्समध्ये मागे पडद्यावर चालवलेली दृश्यं आज खोटी दिसतात, तेही बिनधास्त लिही, क्लासिक आहे म्हणून सूट कशाला.

आता तो जिन्याचा सीन एकदा आवाज बंद करून बघ, मग आवाजासकट. दोन्ही वेळा रेन्सची नजर कुठे कुठे जाते ते टिपून ठेव आणि नवीन ड्राफ्ट तिथूनच सुरू कर.