गोळीचं विचारलंस म्हणून

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या, नेमकी त्याच दिवसांत तुझी तारीख, आणि तू पाळी पुढे ढकलायची गोळी घेणारच असं घरात सगळ्यांनी धरलेलं. ‘मावशी, गोळीने काही होत नाही ना?’ एवढंच तू विचारलंस. पण खाली जाता जाता लिहून गेलीस, की त्या चार दिवसांत स्वतःच्या अंगाची किळस येते, न्हाणीत गेलं तरी खाली बघवत नाही. मला उत्तर या दुसऱ्या गोष्टीचं द्यायचंय. तरी आधी गोळीचं सांगते, कारण दिवस थोडे राहिलेत.

पाळी पुढे ढकलायला जी गोळी देतात तिच्यात नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात, बहुतेक दिवसातून तीन वेळा, आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तब्येतीने चांगल्या बाईने डॉक्टरांना विचारून क्वचित कधी घेतली, तर सहसा फार बिघडत नाही. मळमळतं, डोकं दुखतं, छाती दुखरी होते. पण पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली असेल, लिव्हरचा आजार असेल, जोराची अर्धशिशी असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ती घ्यायची नाही. मेडिकलच्या काउंटरवर हे कुणी विचारत नाही. जावेने उरलेल्या चार दिल्या, नवऱ्याने पाकीट आणलं, झालं. मग महालक्ष्म्यांना एकदा, घटाला एकदा, तुळजापूरला जायचं म्हणून एकदा, दिराच्या लग्नाला एकदा. वर्षभर असं केल्यावर ‘सिस्टर, पाळीचा मेळच राहिला नाही’ म्हणत बायका उपकेंद्रावर यायच्या.

तू घ्यायची की नाही हे तू ठरव. घेणार असशील तर आधी बाईडॉक्टरांना दाखव. पण ‘घ्यावीच लागते’ म्हणून घेऊ नकोस. सण आहे म्हणून शरीराला औषध देऊन थांबवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता किळसेचं. ज्याची किळस येते ते नेमकं काय आहे, हे तुला कुणी सांगितलंय का? शाळेत तो धडा बाईंनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडला असणार. गर्भपिशवी मुठीएवढी असते. दर महिन्याला तिच्या आत रक्ताचं आणि पेशींचं मऊ अस्तर तयार होतं, गर्भ राहिलाच तर त्याला आधार म्हणून. गर्भ राहिला नाही की ते अस्तर सुटतं आणि बाहेर येतं. तीच पाळी. त्यात साठलेली घाण नसते, अंगातली उष्णता नसते, ‘खराब रक्त’ही नसतं. सगळे दिवस मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. कपड्यावर पसरलं की फार वाटतं, एवढंच. ओटीपोटात कळ येते ती पिशवी आकसून ते बाहेर ढकलते म्हणून. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घे, चालत-फिरत राहा. आणि कळ सहन होत नसेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी जेवणानंतर खुशाल घे. दुखणं गिळून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

विटाळाबद्दल तू लिहिलंस, की ‘मन मानत नाही, पण हातून देवाला काही झालं तर?’ ही भीती खोटी नाही, लहानपणापासून अंगात मुरवलेली आहे. मी तुझ्याशी देवाधर्मावर वाद घालणार नाही, माझ्या घरीही महालक्ष्म्या बसतात. फक्त एक गोष्ट नीट बघ. महालक्ष्मीच्या गळ्यात आपण कापसाचं वस्त्र घालतो. तो कापूस कुणी वेचला? दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे रानोरान बायका किलोवर वेचणी करतात, कंबरेला ओटी बांधून, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. त्यातल्या कितीजणी त्या दिवशी पाळीत असतील? मालकाने कधी विचारलं नाही, कापूस कधी बाटला नाही. खुरपणीला, सोयाबीन काढायला, मूग तोडायला विटाळ नाही. पुरणात पडणाऱ्या गुळाचा आणि साखरेचा ऊस तोडताना विटाळ नाही. बाई राबते तोवर तिला सगळं चालतं. उंबऱ्याच्या आत मानाने बसायची वेळ आली की तेवढं चालत नाही. हे एकदा दिसलं ना पोरी, की मनातली निम्मी भीती उतरते.

उसाचा विषय निघालाच आहे, तर आता जे सांगते ते सावकाश वाच.

आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड. फडाजवळ, म्हणजे उसाच्या रानाजवळ, कोपी (खोपट), संडास नाही, पाणी लांब. पहाटे अंधारात फडावर जायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, आणि पाळी आली तर तीच कपड्याची घडी दिवसभर. बदलायला आडोसा नाही. धुतलेला कपडा कोपीत दुसऱ्या लुगड्याखाली वाळायला, कारण कुणाला दिसता कामा नये. तो कपडा वाळतच नाही, ओलसर राहतो. त्यातून खाज, जळजळ, वास मारणारं पांढरं पाणी. आणि हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला लाज, सासूला लाज, डॉक्टर पुरुष.

अशी एक बाई मला आठवते. तिशीच्या आतली, दोन लेकरांची आई. दोन हंगाम तिने अंगावरून जाणारं पांढरं लपवलं. मग गावी आल्यावर तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं, आणि आठवड्याच्या आत पिशवी काढली. पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीतून. वर्षभराने ती माझ्याकडे आली, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, हाडं दुखतात म्हणून. कॅरीबॅगमध्ये सगळे कागद जपून आणले होते. मी ते उलगडले. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष (ओव्हरी) काढल्याचं इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि ते गेले की पाळी कायमची जातानाचा असा त्रास अवेळीच सुरू होतो. मी तिला सांगितलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हंजे बाई, अजून काय काय काढलं माझं?’

ती एकटी नव्हती. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्याचं सरकारनेच सांगितलं. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्याला अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. दोष उचलीच्या धंद्याचा आहे, पैशासाठी पोट फाडणाऱ्यांचा आहे, फडावर साधा आडोसा न देणाऱ्या कारखानदारीचा आहे. त्या बायकांचा तो नाही. पण तिथे पोचायची वाट आपल्या घरातल्या गप्प बसण्यातून जाते, असं माझं ठाम मत आहे. ज्या अवयवाचं नाव घ्यायची चोरी, जो महिन्यातून चार दिवस नुसता अडचण, तो ‘लेकरं झाली, आता कशाला पाहिजे?’ म्हटल्यावर काढून टाकायला बाई सहज तयार होते. पहिल्यांदा खाज सुटली तेव्हाच ती बोलली असती, तर बहुतेकदा काही दिवसांच्या औषधात हे मिटलं असतं.

म्हणून तू खाली बघायला शीक. मी हे अगदी शब्दशः सांगते आहे. दार लावून, हातात आरसा घेऊन, लाजत का होईना, एकदा नीट बघ. लघवीची जागा कुठली, योनी कुठली, त्वचा नेहमी कशी असते. नेहमीचं काय ते माहीत असेल तरच वेगळं काय ते कळेल. धुवायला साधं पाणी पुरतं. आत बोटं घालून साबण, डेटॉल काही लावायचं नाही. जाहिरातीतले सुगंधी वॉश तर नकोतच. महिन्याच्या मधोमध पारदर्शक, तार सुटणारा स्राव येतो, एरवी थोडं पांढरट जातं. ते निरोगी शरीराचं लक्षण आहे, त्याने कुणी खंगत नाही. हिरवट-पिवळं झालं, फाटलेल्या दुधासारखं झालं, वास मारू लागला, खाज सुटली, की मग दवाखाना.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला खूण कर. सगळ्यांना दिसू दे. गॅस सिलिंडरची तारीख आपण लिहितोच की. तुझ्या वयात २१ ते ३५ दिवसांत फेरा येणं ठीक. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, आठ दिवसांवर जात असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, मधेच किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर थांबायचं नाही. आणि हिमोग्लोबिन तपासून घे, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घे, लिंबू-पाण्याबरोबर. चहाबरोबर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही.

पॅडच वापरावं असं माझं म्हणणं नाही. सुती कपडा चांगला, चार-सहा तासांनी बदलायचा, धुऊन कडक उन्हात वाळवायचा. साडीखाली झाकून नाही, उघड्यावर. पाण्याचं मात्र खरं अवघड आहे. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा घागरीतलं पाणी आधी चुलीकडे, मग जनावराला, आणि बाईच्या धुण्याची पाळी सगळ्यात शेवटी. तुझ्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, म्हणून पाळीच्या कपचा विचार कर, तो योनीत बसवायचा, रक्त त्यात साठतं. सिलिकॉनचा असतो, आठ-दहा तास चालतो, चांगला सांभाळला तर अनेक वर्षं टिकतो. पाळी संपल्यावर उकळून ठेवायचा. सुरुवातीला जमत नाही, घाई करू नकोस.

सासूबाईंशी भांडून हे होणार नाही, आणि त्यांना अडाणीही समजू नकोस. पूर्वी बाजूला बसायचे ते चार दिवस हीच पुष्कळ बायकांची एकमेव सुटी होती. पाणी शेंदणं नाही, दळण नाही. तो विसावा त्यांना हवासा वाटला असेल, तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तू त्यांना त्यांच्या वेळचं विचार. पहिल्यांदा आली तेव्हा कुणी काय सांगितलं, कपडा कुठे वाळवायच्या. बोलत्या झाल्या की मग तुझं म्हणणं मांड: सोळा भाज्या मी चिरते, आंबील मी करते, मखराजवळ जायचं की नाही ते आपण दोघी मिळून ठरवू. यंदा थोडंच मान्य होईल. तेवढं घे. नवऱ्याला मात्र आजच सांग, गोळीचंही आणि किळसेचंही. तो दोन दिवस बावरेल, पण त्याला कळलं पाहिजे.

सासूबाईंना कंबरदुखीसाठी ‘पिशवी काढा’ असं एका डॉक्टरांनी सांगितल्याचं तू लिहिलंस. सही करू देऊ नकोस. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दुसऱ्यांदा दाखवा. विचारायचं ते असं: आजाराचं नाव काय, औषधाने बरं होणार नाही का, बीजकोष ठेवणार की काढणार, आणि लगेच न काढल्यास काय होईल. उत्तरं मराठीत मागा, कागद जवळ ठेवा. मोठी गाठ, न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर, अशी खरी कारणं असतात आणि तेव्हा शस्त्रक्रियेने जीव वाचतो. पण कंबर दुखते हे काही कारण नाही.

दिराची मुलगी पाचवीत आहे ना? तिला यंदाच सांग, पाळी यायच्या आधी. दप्तरात एक पॅड आणि एक जादा चड्डी ठेवून दे, पॅड कसं लावायचं ते करून दाखव, शाळेत झालं तर कोणत्या बाईंकडे जायचं ते ठरवून ठेव. सांगताना दार लावू नकोस. तिचा भाऊ शेजारी अभ्यासाला बसला असेल, तर त्यालाही तिथेच बसू दे.

तुझी,
मावशी