कोशिंबीर ताटातच राहते

“बाबा जेवताना कोशिंबीर मागतात. ताटात वाढलेली असते, तरी मागतात. दाखवली की म्हणतात, आत्ता वाढलीस. माझ्यावरचा राग आहे की डोक्यावर परिणाम झालाय?” मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक होऊन पाच आठवडे झालेल्या गृहस्थांच्या सुनेचा हा प्रश्न. डोळे तपासून नवा चष्माही करून झाला होता. काडीचा फरक पडला नव्हता.

राग नाही आणि वेडही नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपण ताटाच्या डाव्या बाजूला वाढतो आणि बाबांचं लक्ष नेमकं तिथेच पोचत नव्हतं. याला स्पेशिअल निग्लेक्ट म्हणतात. स्ट्रोकने अर्धी दृष्टी गेलेल्या माणसाला आपल्याला कमी दिसतंय हे बहुधा उमगतं, मग तो मान वळवून भरून काढतो. इथे डावीकडे काही उरलंय याचा पत्ताच नसतो. (दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून डोळ्यांची तपासणी वाया गेली असं नाही.) पेपर वाचताना बाबा ‘अविश्वास ठराव’चा ‘विश्वास ठराव’ करत, आणि तेही अगदी ठामपणे.

इतर चित्रांत विखुरलेल्या ३५ घंटा शोधायचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. मराठी वाचणारा माणूस सहसा डावीकडून सुरुवात करतो. बाबांनी उजव्या कडेपासून केली, १३ घंटांना गोल केले, त्यांतल्या काहींना दोनदा, आणि “झालं” म्हणून पेन खाली ठेवलं. खरी मेख त्या दुसऱ्यांदा केलेल्या गोलांत आहे. उजवीकडची वस्तू लक्ष ओढते आणि सोडत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा रुग्णांना कागदावरच्या रेघांवर खूण करण्याऐवजी त्या पुसायला सांगितल्या, तेव्हा डावीकडच्या जास्त रेघा सापडल्या.

म्हणून “डावीकडे बघा ना!” असं दिवसभर ओरडून फार काही साधत नाही. आपण डावीकडे बघितलंच, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. सराव असा बसवला: गडद रंगाच्या ट्रेच्या डाव्या कडेला उभी लाल चिकटपट्टी. ट्रेमध्ये २० शेंगदाणे, डाव्या अर्ध्यात १० आणि उजव्या अर्ध्यात १०. आधी पट्टीवर बोट टेकवायचं, ती दिसली असं तोंडाने म्हणायचं, मग तिथून उजवीकडे ओळीने यायचं. सापडलेला दाणा वाटीत टाकायचा आणि वाटी नजरेआड ठेवायची. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. थकले की पुन्हा उजवीकडे घसरतात, तेव्हा थांबायचं. डाव्या हाताची बोटं थोडी जरी हलत असली तरी सुरुवातीला तीच पट्टीजवळ हलवायची. मात्र त्याच वेळी उजवा हात हलला, तर हा फायदा बराचसा जातो.

घरच्यांची एक चूक इथे हमखास होते. “सवय लागू दे” म्हणून पाणी, मोबाइल, बोलावायची बेल, सगळंच डावीकडे ठेवतात. गरजेच्या वस्तू सध्या उजवीकडेच हव्यात. डावी बाजू सरावासाठी. ताट फिरवून दिलं तर पोट भरतं, पण शोधायची सवय लागत नाही. त्यामुळे ताटाच्या डाव्या कडेलाही लाल पट्टी लावली. व्हीलचेअरचा डावा ब्रेक आणि चाकाशी लोंबणारा डावा हात मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी बघायचा. गाडी चालवायचा विषय तूर्त बंद. लक्षणं अचानक वाढली, तर सराव बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल.

सरावाच्या सहाव्या आठवड्यात डावीकडच्या दहांपैकी सात दाणे सापडू लागले. कोशिंबीर संपते, मीठ अजून राहतं. शर्टाची डावी बाही विसरतातच, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला डावा खांदा दोनदा आपटला. आता तिथेही लाल पट्टी आहे.