पावसाळ्यात आमचा लॅब्रेडॉर सतत खाजवतो, पोटावर लाल चट्टे आलेत. घरी काय करावं?

आधी केस बाजूला सारून नीट बघा: कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. गोचीड असेल तर सहसा दिसेल. काळे कण दिसले तर ते ओल्या टिशूवर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. मग औषधासोबत त्याचं अंथरूणही गरम पाण्यात धुवायला हवं, कारण पिसवांची अंडी अंगावरून गळून घरभर पडतात.

काहीच सापडलं नाही तर ओलाव्याचा संशय घ्या. लॅबची आतली लव दाट असते, वरून कोरडी वाटली तरी खाली ओल राहते. फिरून आल्यावर पंजे, पोट पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा.

डेटॉल, फिनेल, टी ट्री तेल कृपा करून लावू नका. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ, शिवाय तो ते चाटतो. माणसांची मलमंही नकोत. डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला तर फेस सुमारे 10 मिनिटं अंगावर राहू द्या, लगेच धुतला तर वाया जातो.

केस झडून टक्कल पडलं, पू किंवा वास आला, किंवा घरातल्यांनाही खाज सुटली तर थांबू नका. खरूज असू शकते. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.