फॉस्फरस कमी आहे, सीटी-एमआरआय नॉर्मल आहे, तरी डोटा पेट स्कॅन करावा का?

तुम्ही लिहिलंय, वडिलांची हाडं दुखतात, रक्तातला फॉस्फरस वर येत नाही, तो कमी करणारी गाठ सापडत नाही आणि डॉक्टर गॅलियम डोटा पेट, म्हणजे लपलेली गाठ दाखवणारा स्कॅन, सांगताहेत. एवढा खर्च करावा का? करा.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना हेच झालं होतं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. खानापूर तालुक्यात आमची भाताची शेती. दिवसभर चिखलात वाकून रोप लावणारी बाई, ती जमिनीवरून उठताना हात टेकायला लागली. मग चाल बदकासारखी झाली, कूस बदलली तरी बरगडीत कळ. कुणी वात म्हटलं, कुणी पाळी जायचं वय. कॅल्शियमच्या आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालूच. आणि भाऊजी चारचौघांत म्हणायचे, "लावणी आली की हिचं दुखणं येतं."

बेळगावात एका तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तातला फॉस्फरस बघितला. 1.3. मोठ्या माणसाचा साधारण 2.5 ते 4.5 असतो. कॅल्शियम ठीक, हाडांच्या आजारात वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, फॉस्फेट लघवीवाटे चाललेलं. अशा आजारात (ट्यूमर-इन्ड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया, म्हणजे गाठीमुळे हाडं मऊ होणं) बारकीशी गाठ एफजीएफ-23 नावाचं हार्मोन सोडत बसते. त्यामुळे मूत्रपिंडं फॉस्फेट धरून ठेवत नाहीत, डी जीवनसत्त्वही कामाच्या रूपात येत नाही. मग साध्या डीच्या गोळ्या कितीही खा, हाडं मऊच राहणार.

गाठ शोधायला सांगितल्यावर आधी साधा पेट झाला, साखरेचा, एफडीजीचा. नॉर्मल. भाऊजींनी फाईल खाटेवर टाकली, "झालं समाधान?" मी रिपोर्ट वाचला. कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत, एवढाच घेतलेला. कॅन्सरसाठी बहुतेक ठिकाणी तसाच घेतात, पण ही गाठ पायांत फार वेळा निघते, आणि पाय यंत्राखाली आलेच नव्हते!

भाऊजींनी पुढे पैसे द्यायला नकार दिला. मी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि अक्कांना मुंबईला नेलं.

डोटाचं वेगळेपण असं की तो गाठीचा आकार शोधत नाही. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटायच्या जागा असतात, डोटाटेट नावाचं द्रव्य त्यांना जाऊन चिकटतं आणि त्याला जोडलेलं किरणोत्सारी गॅलियम-68 ती जागा दाखवतं. गॅलियमचं अर्धायुष्य 68 मिनिटं, म्हणून ते जनरेटर नावाच्या खास उपकरणातून काढून ताजंच टोचतात. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत स्कॅन झाला. डाव्या टाचेत एक ठळक ठिपका. मग फक्त टाचेचा एमआरआय, मग ऑपरेशन, आणि आठवड्याभरात फॉस्फरस जागेवर. हाडं भरायला मात्र पुढे बरेच महिने गेले. "तिथं चप्पल टोचायची की," अक्का म्हणाल्या. तोवर त्यांना टाचेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

कुठे जायचं म्हणाल तर हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या त्या विभागाने या आजारावर शोधनिबंध लिहिलेत.

आता, मी डॉक्टर नाही. फॉस्फरस कमी होण्याची इतर कारणं आधी बाजूला काढा: टेनोफोविरसारखी (एचआयव्ही, हिपॅटायटिस-बीवरची) औषधं, लोहाची काही इंजेक्शनं, घराण्यात चालत आलेला आजार. लघवीतल्या फॉस्फेटचा हिशोब न करता थेट डोटा केला तर जुन्या फ्रॅक्चरची जागाही उजळते आणि भलतीकडेच सुरी जाते. डोटातही गाठ सापडली नाही असं होतं. तेव्हा फॉस्फेट आणि अल्फाकॅल्सिडॉल (मूत्रपिंडाच्या मदतीशिवाय कामाला येणारं डी जीवनसत्त्व) चालू ठेवून काही काळाने परत शोधतात. पण स्कॅनच्या कागदावर "डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, दोन्ही हातही स्कॅनमध्ये येऊ देत. आणि वडील काम टाळतात असं घरात जो कुणी म्हणत असेल, त्याच्या हातात तो फॉस्फरसचा रिपोर्ट द्या आणि मोठ्याने वाचायला लावा. आमच्या भाऊजींना मी लावला होता.