टोकियोहून परतताना जास्त वेळ का लागतो?

प्रश्न: जानेवारीत मी मुलीकडे टोकियोला निघाले आहे. ओझरहून दिल्ली, तिथून टोकियो. तिकिटावर दिल्लीहून रात्री ८ ला सुटून सकाळी ७ ला पोहोचायचं आहे, म्हणजे ११ तास. परतीचं विमान सकाळी ११ ला सुटून संध्याकाळी ५ ला दिल्लीत, म्हणजे ६ तास. पण मुलगी म्हणते, ‘आई, उलट येतानाच जास्त वेळ लागतो.’ नातू म्हणतो, पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. खरं काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: ताई, मुलीचं बरोबर आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि टोकियोचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तेवढे जातानाच्या ११ तासांतून वजा करा, साडेसात उरतात. येतानाच्या ६ मध्ये मिळवा, साडेनऊ होतात.

आता हे दोन तास कुठले? पृथ्वी फिरते, पण हवाही तिच्याबरोबरच फिरते, त्यामुळे नुसत्या फिरण्याने विमानाचा वेळ वाचत नाही. खरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर तो फार जोरात असतो, कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. दुर्दैवाने त्याने अहवाल एस्पेरान्तो या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला, आणि जगाचं तिकडे लक्षच गेलं नाही.

मी ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली, त्यामुळे हा हिशेब मला मनापासून आवडतो. दिल्ली-टोकियो सरळ अंतर ५,९०० किलोमीटरच्या आसपास. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. वाटेत सरासरी १०० चा वारा पाठीशी असला, तर जमिनीवरून वेग १,०००. तोच समोरून आला, तर ८००. एवढ्यानेच जवळजवळ दीड तासाचा फरक पडतो. ओझर-दिल्ली हजारेक किलोमीटर आहे, पण तो प्रवास दक्षिणोत्तर असल्याने तिथे हा फरक फारसा जाणवत नाही.

शिवाय हे सरळ अंतर विमान प्रत्यक्षात कापत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, तो तिबेटवरून जातो. तिथली जमीनच साडेचार-पाच हजार मीटर उंच. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला तीनेक हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू थोडीच मिनिटं पुरतो. तिबेटवर खाली यायला जागाच नाही. म्हणून विमानं सहसा दक्षिणेकडून, म्यानमारच्या बाजूने वळसा घेतात. तो वळसा तुमच्यासाठीच आहे, ताई, त्याचा कंटाळा करू नका.

जानेवारीत दिल्लीला दाट धुकं असतं. ओझरहून जाणारं विमान आणि टोकियोचं विमान यांत भरपूर तास मोकळे ठेवा. परतीच्या साडेनऊ तासांत अधूनमधून उठून चाला, पाणी पीत राहा. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच असू द्या, आणि साडेतीन तासांच्या फरकाने त्या कधी घ्यायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.